शरीरातील यादवी

2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जपानचे शिमॉन साकागुची आणि अमेरिकेचे मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वकीयांवरच शस्त्र का उगारीत नाही आणि तिला आवरून धरणाऱ्या पेशी कोणत्या, याचा उलगडा या तिघांनी केला. हा आवर सुटला म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आमवाताच्या रोग्याची बोटे पाहावीत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या नावाने डॉक्टर ज्याला ओळखतात, तो हा रोग म्हातारपणाचे दुखणे नव्हे. तो ऐन तिशी-चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक गाठतो, आणि सांध्याचे अस्तर सुजवून अखेर हाडही कुरतडतो.

या यादवीवर पहिला खरा जय मिळविणाऱ्यांपैकी एकाचा जन्म लुधियान्याचा आहे, याचा आमच्याकडे फारसा उच्चार होत नाही. रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन हे लंडनच्या केनेडी संस्थेत काम करीत. रोग्यांच्या सुजलेल्या सांध्यांतील पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढविल्या. सूज पेटविणारी रसायने तेथे अनेक होती. त्यांतले एकच अडविले, तर बाकीची आपले काम चालूच ठेवतील, असे बहुतेक जाणकारांना वाटे. परंतु ‘टीएनएफ’ नावाचे एक द्रव्य रोखताच इतरांचाही जोर ओसरतो, असे 1989 साली या गटाला दिसून आले. 1992 साली चेअरिंग क्रॉस इस्पितळात वीस रोग्यांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड टोचण्यात आले आणि त्यांची प्रकृती झपाट्याने सुधारली. पुढे काही आठवड्यांनी दुखणे उलटले, हेही सांगितले पाहिजे. औषध रोगाला दाबते, मुळापासून उपटत नाही. तरीही 1994 साली प्रसिद्ध झालेल्या रीतसर चाचणीने निष्कर्ष पक्का केला आणि 2003 साली दोघांना लॅस्कर पारितोषिक मिळाले.

या संशोधनामागे धर्मादाय पैसा होता. त्यातून निघालेल्या औषधांनी मात्र कंपन्यांच्या तिजोऱ्या भरल्या. त्यांतील अॅडालिम्युमॅब हे औषध वर्षानुवर्षे जगात सर्वाधिक खपाचे ठरले, आणि पेटंटांच्या तटबंदीमुळे अमेरिकन रोग्यांना त्याची स्वस्त प्रतिकृती 2023 पर्यंत मिळू शकली नाही. अहमदाबादच्या झायडसने ती 2014 च्या डिसेंबरातच, अमेरिकेतील दराच्या सुमारे एक पंचमांश किमतीत, भारतीय बाजारात आणली होती. ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण तो पंचमांशही मध्यमवर्गीय घराचे अंदाजपत्रक कोलमडविण्यास पुरेसा आहे.

शिवाय येथे एक अडचण आमची स्वतःची आहे. शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम हाच टीएनएफ करीत असतो. त्याला बांधून घातले की क्षय डोके वर काढतो, हे 2001 साली स्पष्ट झाले. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथे क्षयाची तपासणी केल्यावाचून ही सुई टोचणे म्हणजे आगीशी खेळ होय.

बहुतेकांना सुदैवाने या सुईची गरज प्रारंभी लागतही नाही. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची स्वस्त गोळी पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली, तर पुष्कळ सांधे वाचतात. पण ते महिने जातात कोठे? ‘वाताचा त्रास आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणण्यात, तेल चोळण्यात आणि कोणा वैदूच्या पुड्यांत. अशा पुड्यांत स्टिरॉइड कालविलेले असल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. रोग्याला बरे वाटते, आणि आत हाड झिजतच राहते.

सरकारकडे आमचे मागणे अवाढव्य नाही. 2018 पासूनची आयुष्मान योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहे. आमवाताचा रोगी दाखल होत नाही, तो महिनोन्‌महिने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा असतो. त्याच्या रक्ततपासण्या, क्षयाची चाचणी आणि नेहमीची औषधे या योजनेत आली पाहिजेत. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी सांध्यांचा तज्ज्ञ बसला पाहिजे. आज त्याच्यासाठी जिल्ह्याच्या रोग्यांना दुखऱ्या पायांनी मुंबई-पुण्याची गाडी पकडावी लागते.