सीमेवरचा देशी डोळा

लग्नाच्या हॉलबाहेर किंवा वलिम्याच्या मैदानावर घोंघावत फिरणारा ड्रोन आता कुणाला नवा राहिलेला नाही. मुले माना वर करून बघतात, बायका ओढणी सावरतात आणि शूटिंगवाला पुढच्या टेबलाकडे वळतो. याच यंत्राचा थोरला भाऊ आज देशाच्या सीमेवर पहारा देतो आहे. त्याच्याबद्दल बातम्यांत अभिमानाने बोलले जाते, पण तो काय करतो, कोण बनवतो आणि त्याला काय दिसत नाही, हे घरात क्वचितच बोलले जाते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या देशाची जमिनीवरची सीमा 15 हजार किलोमीटरहून अधिक आहे. त्यात बांगलादेशलगतची 4,096 किलोमीटर आणि पाकिस्तानलगतची 3,323 किलोमीटर. कुठे कच्छची दलदल, कुठे राजस्थानची वाळू, कुठे पंजाबची शेते तर कुठे काश्मीरचा बर्फ. आसामातल्या धुबरी जिल्ह्यात तर ब्रह्मपुत्रा दरवर्षी पात्र बदलते. तिथे कुंपण घालणार तरी कुठे? म्हणून 2019 मध्ये तिथल्या 61 किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरे आणि सेन्सर बसवण्यात आले. जिथे जवान पायी पोहोचू शकत नाही, तिथे यंत्राचा डोळा लागतो, हे साधे कारण आहे.

1999 च्या कारगिल लढाईने ही उणीव सगळ्या देशाला दाखवली. शत्रू डोंगरमाथ्यावर येऊन बसला होता आणि ती खबर आधी आणली ती बटालिक भागातल्या मेंढपाळांनी. त्यानंतर आपण इस्रायलकडून सर्चर आणि हेरॉन ही मानवरहित विमाने आणून वापरली. पण परक्याकडून आणलेल्या यंत्राचा सुटा भाग बिघडला की वाट पाहावी लागते आणि किंमतही तो सांगेल ती. इथून देशी ड्रोनची गरज जाणवू लागली.

या कथेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 2009 च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात खिडकीबाहेर उडणारे ते छोटे यंत्र आठवते? ते आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या आयडियाफोर्ज कंपनीने बनवले होते. याच कंपनीने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' नावाचा हलका ड्रोन तयार केला. 2013 च्या उत्तराखंड महापुरात अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला तो वापरला गेला. पुढे जानेवारी 2021 मध्ये लष्कराने याच कंपनीला 'स्विच' ड्रोनसाठी सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर दिली. नवी मुंबईतल्या महापे इथली ही कंपनी. 'स्विच' हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी वर उठतो, मग विमानासारखा पुढे जातो. त्यामुळे त्याला धावपट्टी लागत नाही. वजन सात किलोच्या आत आणि एका उड्डाणात साधारण दोन तास पहारा.

हे वाटते तितके सोपे नाही. लडाखच्या उंचीवर हवा विरळ असते, पंख्याला धरायला हवा कमी पडते. थंडीत बॅटरी लवकर उतरते. रात्री साधा कॅमेरा आंधळा होतो, म्हणून शरीराची ऊब टिपणारा थर्मल कॅमेरा लावतात. मोठ्या यंत्रांत अपयशही आले. डीआरडीओच्या 'तपस' या विमानाला 30 हजार फूट उंची आणि सलग 24 तास उड्डाण ही लष्कराची अट पुरी करता आली नाही. अपयश लपवण्यात शहाणपण नाही. त्यातूनच पुढचे यंत्र सुधारते.

'देशी' या शब्दाकडेही डोळसपणे पाहायला हवे. सांगाडा इथला, पण मोटर, चिप किंवा रेडिओचा भाग चीनमधला असेल तर सीमेवरचे चित्र नेमके कुणाकुणाला दिसते, ही शंका राहतेच. म्हणून सरकारने लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग वापरायला मनाई केली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अशाच कारणावरून 400 ड्रोनचे करार रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. पाटी बदलून माल देशी होत नाही, हे किराणा दुकानात कळते तसे इथेही कळले पाहिजे.

दुसरीकडे, ड्रोन पलीकडूनही येतात. 27 जून 2021 रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. पंजाब सीमेवर तर हेरॉइनची पाकिटे आकाशातून पडतात. 2024 या एका वर्षात सीमा सुरक्षा दलाने तिथे अडीचशेहून अधिक ड्रोन पकडले किंवा पाडले. त्या पाकिटांमुळे उद्ध्वस्त होतात ती आपल्यासारखीच घरे आणि त्या घरांतली तरुण मुले.

मात्र यंत्राची मर्यादा विसरून चालणार नाही. थर्मल कॅमेऱ्याला ऊब दिसते, नियत दिसत नाही. पंजाबात कुंपणापलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची जमीन आहे. ठरावीक वेळी दरवाजा उघडतो, तेव्हा तो ओळखपत्र दाखवून शेतात जातो. संध्याकाळी परतायला उशीर झालेला तो शेतकरी पडद्यावर एक पांढरा ठिपका असतो आणि घुसखोरही तसाच ठिपका. फरक ओळखतो तो माणूस. म्हणून शेवटचा निर्णय माणसाकडेच राहिला पाहिजे.

आणि सीमेवरची माणसे हाच पहिला पहारा आहे. ऑगस्ट 1965 मध्ये घुसखोर काश्मीरमध्ये शिरले, तेव्हा मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर तरुणाने त्यांना पाहिले आणि तडक तंगमर्गच्या पोलिसांना खबर दिली. पुढे त्याला पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. ज्या गुराख्याला आणि शेतकऱ्याला देश आपला वाटतो, तो कोणत्याही कॅमेऱ्याआधी सांगतो. त्याच्याकडेच रोज संशयाने पाहिले, तर लाखोंचे यंत्रही ती जागा भरून काढू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. सीमेकडे रोखलेला हाच डोळा गल्लीबोळांकडेही वळू शकतो. 2020 च्या टाळेबंदीत अनेक शहरांत पोलिसांचे ड्रोन घरांच्या छतांवरून फिरले. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, परवानगीशिवाय उंबरठा ओलांडू नये, ही शिकवण आपल्या मुलांना लहानपणीच मिळते. सर्वोच्च न्यायालयानेही 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगी आयुष्य हा मूलभूत हक्क मानला. कोणते चित्र घेतले, किती दिवस ठेवले, कुणाला दाखवले, हे विचारणे म्हणजे देशाच्या सुरक्षेला विरोध नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

शेवटी घरातल्या तरुणांसाठी. दहावी पास आणि 18 वर्षे पूर्ण असलेल्या मुलामुलीला डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत शिकून ड्रोन पायलटचे प्रमाणपत्र मिळवता येते. ते 10 वर्षे चालते. प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता तपासून घ्या, नुसत्या जाहिरातीवर पैसे भरू नका. शेतात फवारणी, जमिनीची मोजणी, पूर आला की शोध, अशी कामे वाढत आहेत. इलेक्ट्रॉनिक्स किंवा आयटीआय शिकणाऱ्यांना जुळणी आणि दुरुस्तीचे क्षेत्रही खुले आहे. या कामात आपली मुले उडवणाऱ्यांत, बनवणाऱ्यांत आणि नियम ठरवणाऱ्यांतही असावीत, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यासाठी गणित आणि विज्ञानाची पुस्तके आजच उघडायला हवीत.