बरोबरीचा अर्धा गुण फुकटचा नसतो

क्लबच्या स्पर्धेत तोडीस तोड खेळाडूंचा डाव बरोबरीत सुटला की ‘काहीच घडलं नाही’ असा शेरा मारला जातो. तो अन्यायाचा आहे. एक प्यादे कमी असताना आपल्या बाजूच्या तिसऱ्या आडव्या रांगेत हत्ती रोवून समोरच्या राजाची वाट अडवायची, प्यादे त्या रांगेत येताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, हा फिलिडोरचा बचाव घड्याळाच्या धाकात अचूक साधणे ही कमाईच आहे. चार चालींत हात मिळवणारेही असतात, हा आक्षेप खरा. पण त्यावर ठरावीक चालींपूर्वी बरोबरीला मनाई करता येते. २०१८च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे सर्वच्या सर्व १२ क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. पहिला तर ११५ चाली रंगला. असा अर्धा गुण खिरापतीत मिळत नाही.