पूर्वीच्या किशोरीताई

आवडत्या गायकानं गाणं बदललं की त्याच्या चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "पूर्वी काय गायचा हो! आता ते राहिलं नाही." दुसरा म्हणतो, "खरं गाणं आत्ता सुरू झालंय, तुमचे कान मागे राहिलेत." हे भांडण कुठल्याही मैफिलीच्या मध्यंतरात, चहाच्या टेबलापाशी ऐकायला मिळतं. गायकाचं नाव तेवढं बदलतं, संवाद तेच.

माझ्या बाबतीत ते नाव किशोरी आमोणकर. मित्रमंडळींत माझी गणना पहिल्या तटात होते आणि माझी त्याला हरकत नाही. मला पूर्वीच्या किशोरीताई जास्त आवडतात. त्यांचा जौनपुरी, पटबिहाग, भूप, बागेश्री. ही जुनी ध्वनिमुद्रणं मी किती वेळा ऐकली असतील याचा हिशोब नाही. पण पहिल्या तटातले लोक पुढे जाऊन जे म्हणतात ("बाईंनी घराणं सोडलं, आईची विद्या बुडवली" वगैरे) ते मला अजिबात पटत नाही. आणि दुसऱ्या तटातले लोक जे म्हणतात (जुनं गाणं म्हणजे नुसती तयारी, खरी साधना नंतरची) तेही पटत नाही. हे दोन्ही का पटत नाही, ते जरा सविस्तर लिहावं म्हणून हा खटाटोप.

आधी बदल काय झाला ते बघू. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं म्हणजे लय आणि स्वर यांची घट्ट वीण. बहुतेक विलंबित ख्याल तीनतालात, आणि लय अशी की ऐकणाऱ्याला मात्रा हरवू नये. आलाप आकारात, तोही लयीचं बोट धरून चालणारा. समेकडे जाण्याची एक सततची ओढ. ताना पेचदार, सरळ रस्त्यानं न जाणाऱ्या. आणि हे सगळं पेलायला भरपूर दमसास. मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं ऐकलं की ही वीण किती पक्की असते ते कळतं. एक धागा ओढून काढता येणार नाही.

किशोरीताईंनी तो धागा ओढून काढला. लय आणखी संथ केली. आलापाला मात्रांच्या पहाऱ्यातून मोकळं केलं. एका स्वरावर थांबायचं, त्याला मागून-पुढून बघायचं, शेजारच्या स्वराकडे मींडेनं अलगद जायचं, आणि तिथं पोचल्यावर पुन्हा थांबायचं. हातात स्वरमंडल. राग म्हणजे आरोह-अवरोहाचं व्याकरण नसून एक भाव आहे, एक वातावरण आहे, हे त्या आयुष्यभर सांगत आल्या आणि त्यावर त्यांनी 'स्वरार्थरमणी' हा ग्रंथही लिहिला. घराणं या कल्पनेवरच त्यांचा आक्षेप होता. तानेत मात्र जयपूरची चाल शेवटपर्यंत दिसत राहिली. पण गाण्याचा गुरुत्वमध्य हलला, यात शंका नाही.

यात गमावलं काय? जुन्या मुद्रणांत मला जी गोष्ट खिळवून ठेवते ती ही : आलाप कितीही दूर गेला तरी तबला त्याला हाक मारत असतो आणि गाणारी ती हाक ऐकत असते. आता सम येणार, आता येणार, असं वाटत असताना ती अनपेक्षित वाटेनं नेमकी येते आणि आपला हात मांडीवर आपोआप पडतो. या ताणातलं सुख वेगळंच. नंतरच्या गाण्यात हा ताण सैल झाला. तिथं तबला मागे उभा राहतो, वाट बघतो. बदल्यात मिळालं ते म्हणजे स्वराची अशी जवळीक, की कोमल गंधार हा केवळ एक स्वर नसून एक माणूस समोर येऊन बसला आहे असं वाटावं. हे लहान नव्हे. पण ते दुसरं आहे. एकाचं देऊन दुसऱ्याचं घेतलं, असा तो व्यवहार आहे, आणि त्यात फक्त नफाच झाला असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता आरोपाकडे येतो. "घराणं सोडलं" या आरोपाला आपल्याकडे जे वजन आहे ते उगाच नाही. पाश्चात्त्य लोकसंगीतातला बॉब डिलन 1965 साली न्यूपोर्टच्या महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये एकानं त्याला 'जुडास' अशी हाक मारली. म्हणजे विश्वासघातकी. पण डिलनची गाणी त्याची स्वतःची होती. आपल्याकडे गायकाजवळची विद्या ही त्याला कुणीतरी विश्वासानं सोपवलेली ठेव असते. आणि मोगूबाईंनी ती ठेव ज्या हालअपेष्टांतून मिळवली ते सगळ्यांना ठाऊक आहे. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली, मोडली, त्यांच्याच घरातल्या हैदर खाँसाहेबांकडे मिळाली, विरोधामुळे तीही खंडित झाली, पुन्हा वाट बघावी लागली. अकाली वैधव्य, पदरात मुलं. अशा आईनं जपलेलं गाणं मुलीनं बदलावं? प्रश्न भावनिक आहे, पण फालतू नाही. मलाही तो बोचतो.

याचं उत्तर मला घराण्याच्याच इतिहासात सापडतं. हे जयपूर घराणं आलं कुठून? अल्लादिया खाँसाहेब धृपदियांच्या घराण्यातले. चुलते जहांगीर खाँ यांच्याकडे शिकलेले. तरुणपणी माळव्यातल्या आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात असताना, तिथल्या गानलुब्ध अधिपतीसाठी अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा आवाज पूर्णपणे परत आला नाही. मग जो आवाज उरला होता त्याला शोभेल, झेपेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. पेचदार, बुद्धीला आव्हान देणारी, लयीत गुंतलेली. आज ज्याला आपण 'शुद्ध जयपूर' म्हणून सोवळ्यात ठेवतो ती मुळात एका माणसानं मध्येच बदललेली वाट आहे. त्या वेळी खाँसाहेबांच्या आधीच्या आवाजाचे चाहते असणारच. तेही "पूर्वीचं राहिलं नाही" म्हणत घरी गेले असतील, अशी माझी खात्री आहे.

आणि गंमत म्हणा किंवा नियती म्हणा, किशोरीताईंचाही आवाज ऐन तरुणपणी गेला होता. सुमारे दोन वर्षं त्या गाऊ शकत नव्हत्या. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी गाण्याचा जो विचार केला त्यातून पुढची वाट फुटली, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. तिकडे देवासला कुमार गंधर्व 1948 नंतर क्षयानं काही वर्षं अंथरुणाला खिळले आणि उठले ते वेगळंच गाणं घेऊन. तिघांच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यांतून एखादा नियम काढायचा मोह मी टाळतो. आवाज बसलेले शेकडो असतील, त्यातून अल्लादिया खाँ एकच झाले. पण एवढं खरं, की जे 'मूळ' म्हणून आपण जपायला निघतो ते सुद्धा कुणाच्या तरी बदलाचंच फळ असतं.

शिवाय या बदलाचं दार कुणी उघडलं? माईंनीच. लेकीला त्यांनी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकायला पाठवलं, आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँकडेही पाठवलं. किशोरीताईंच्या गाण्यातली मींड, ती स्वरांना जोडत नेण्याची हळुवार रीत, यात अंजनीबाईंचा वाटा मोठा मानला जातो. ज्या आईला केवळ आपली प्रतिकृती हवी असते ती मुलीला दुसऱ्यांच्या दारात पाठवत नाही. हीच माई 'गीत गाया पत्थरों ने' (1964) साठी लेक गायली तेव्हा मात्र खवळली होती, सिनेमात गायचं तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. म्हणजे तिची लक्ष्मणरेषा होतीच. फक्त ती आपण समजतो तिथं नव्हती.

"बाजारासाठी बदलला" हा चाहत्यांचा दुसरा आवडता निकष. इथं तो लागू पडत नाही. लोकप्रिय व्हायला कोणी ख्याल आणखी संथ करत नाही! 'म्हारो प्रणाम'सारखी मीरेची भजनं घराघरांत पोचली, पण तो वेगळा प्रवाह. मैफिलीत त्या श्रोत्यांच्या खुशामतीला कधी उभ्या राहिल्या नाहीत, उलट श्रोत्यांनाच दटावायच्या.

आता एक मुद्दा, जो आम्हा पहिल्या तटवाल्यांना फारसा सोयीचा नाही, पण सांगायलाच हवा. 'पूर्वीच्या किशोरीताई' म्हणजे आम्ही नेमकं काय म्हणतो? बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ 'एलपीतल्या किशोरीताई' असा आहे. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. तेवढ्यात विलंबित, द्रुत, ताना सगळं बसवायचं. 'सहेला रे' म्हणून सगळे ओळखतात तो भूप त्या मापात बसलेला आहे. त्यातला रेखीवपणा, एकही स्वर वाया न जाणं, यात गायिकेची प्रतिभा आहे तशी तबकडीची शिस्तही आहे. नंतरची मुद्रणं तास-तास चालणाऱ्या मैफिलींची. तबकडीची तुलना मैफिलीशी करून "पूर्वी कसं आटोपशीर होतं" म्हणणं म्हणजे कथेची तुलना कादंबरीशी करणं. एवढी वजावट करूनही बदल उरतोच. पण आम्ही सांगतो तेवढा मोठा तो उरत नाही.

मग चाहत्यानं तक्रार करूच नये का? करावी की! न आवडण्याचा हक्क आवडण्याइतकाच खरा आहे. "तुला कळत नाही" म्हणून तो हिरावून घेता येत नाही. कित्येक भक्त मंडळी इतकी हळवी असतात की, नंतरचं गाणं कधी कधी पसरट व्हायचं, एवढं म्हटलं तरी देव्हाऱ्याला पाय लागल्यासारखं करतात. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिच्या चाहत्यांनी एवढं आज्ञाधारक असावं हे विचित्रच. पण न आवडण्याचा हक्क वेगळा आणि गुन्हा ठरवण्याचा हक्क वेगळा. "मला ते गाणं हवं होतं" हे माझं दुःख आहे. "तिनं तेच गायला हवं होतं" हा तिच्यावर काढलेला हुकूम आहे. माझ्या दुःखाचं मी तिच्या कर्तव्यात रूपांतर करू शकत नाही.

खरी काळजी मला वेगळीच वाटते, आणि ती दोन्ही तटांच्या भांडणात हरवते. किशोरीताईंनी मोकळीक घेतली ती आधी बेडी पूर्ण अंगवळणी पडल्यावर. माईंच्या कडक तालमीत मात्रा रक्तात भिनल्या होत्या, म्हणून त्या सोडल्या तरी आत चालू राहायच्या. त्या थांबल्या तरी गाणं थांबत नसे ते यामुळे. आज त्यांच्या नंतरच्या गाण्याची छाप अनेक तरुण गळ्यांवर दिसते. तोच ठहराव, तीच आर्त फेक, तेच डोळे मिटून स्वराला गोंजारणं. पण खाली ती वीण नसेल तर उरतो नुसता थांबा. आधी घट्ट विणायला शिकल्याशिवाय सैल विणता येत नाही, मग ते स्वेटर असो नाहीतर ख्याल. बदलाची नक्कल करता येत नाही, कारण बदलाला आधीचं काहीतरी लागतं. जुनी ध्वनिमुद्रणं जपायला हवीत ती यासाठी. नंतरचं गाणं कशावर उभं होतं, ते तिथं ऐकू येतं.

3 एप्रिल 2017 ला किशोरीताई गेल्या. आता पूर्वीच्या काय आणि नंतरच्या काय, सगळ्याच मुद्रणांतल्या. तट अजून तसेच आहेत आणि चहाच्या टेबलापाशी भांडणही चालूच राहील. त्यात माझं मत विचारलंत, तर सकाळी जौनपुरी जुना, तबकडीतला. रात्री उशिरा, घाई नसेल तेव्हा, नंतरचा कुठलाही. आणि नव्यानं गाणं शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन, दोन्ही ऐका, पण ज्या क्रमानं त्या गायल्या त्या क्रमानं ऐका.