थांबलेल्या गाडीतली रात्र

जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीत बावीस माणसे गेली. त्यांत दहा मुले होती. दरड कोसळली नव्हती की कुणी दरीत गेले नव्हते. बर्फ पाहायला निघालेल्या मोटारी सात-साडेसात हजार फुटांवर एकामागे एक अडकल्या, वरून बर्फ पडत राहिला. लोकांनी काचा लावल्या, इंजिन चालू ठेवून हीटर लावला आणि ते झोपी गेले. काही थंडीने गेले असतील. पण अनेकांच्या बाबतीत बोट दाखवले गेले ते कार्बन मोनॉक्साइडकडे. एक्झॉस्टचा पाइप बर्फात गाडला गेला, की इंजिनाचा धूर गाडीखाली साठतो आणि फटींमधून आत शिरतो. त्यातल्या या वायूला ना रंग, ना वास. ऊब वाटते आणि झोप लागते, एवढेच.

हे आज आठवण्याचे कारण घरचेच आहे. माझा पुतण्या बायकामुलांसह पुण्याहून स्वतःच्या डिझेल गाडीने मनालीला आणि तिथून अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला निघाला आहे. हॉटेलचे बुकिंग झाले, मुलांची जाकिटे आली. गाडीचे काय केलेस, असे विचारले, तर म्हणाला, ‘‘सर्व्हिसिंग झालंय, काका.’’

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद होई आणि लाहौल महिनोन् महिने जगापासून तुटलेले असे. खिंड हीच तिथली पहारेकरी होती. ऑक्टोबर २०२०मध्ये सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. लाहौलच्या माणसांना त्यामुळे हिवाळ्यातही दवाखाना आणि बाजार गाठता येऊ लागला, हे फार मोठे काम झाले. पण त्याच वाटेने सपाटीवरचा, आयुष्यात कधी बर्फावर गाडी न चालवलेला माणूसही भर डिसेंबरात दहा हजार फुटांवर जाऊ लागला. बोगद्यात बर्फ पडत नाही. तो पडतो सोलंगपासून बोगद्यापर्यंतच्या उघड्या चढावर. डिसेंबर २०२४मध्ये तिथेच सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी शेकडो पर्यटकांना खाली आणले आणि मरीची पुनरावृत्ती टळली.

आपण गाडी तयार करतो ती चालण्यासाठी. ती रात्रभर थांबली तर काय, याचा विचार आपल्या तयारीत नसतो. मी हयात बँकेत काढली, वाहनकर्जाच्या शेकडो फायली हाताखालून गेल्या. बुडीत कर्जासाठीची तरतूद कर्ज सुरळीत चालू असतानाच सुरू करायची, हा आमच्याकडचा साधा नियम. रस्त्यावर मात्र आपण सारे बिनतरतुदीचे!

रेडिएटरचेच घ्या. घाटात इंजिन तापले, की ढाब्यावरची बाटली रिकामी करायची, ही आपली सवय. पुण्यात ते खपते. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉलयुक्त कूलंट असेल, तर ते उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. बॅटरीची ताकद शून्य अंशालाच सुमारे एक तृतीयांशाने घटते. त्यामुळे घरी सकाळी कुरकुरत चालू होणारी बॅटरी तिथे उठणारच नाही. ती निघण्यापूर्वी तपासून, गरज पडल्यास बदलून घ्यावी. डिझेलचे दुखणे आणखी वेगळे. कडाक्याच्या थंडीत त्यातले मेण सुटे होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले ते याचसाठी. पुण्यात भरलेल्या टाकीकडून ती अपेक्षा धरता येत नाही. डोंगर चढण्याआधी तिथल्याच पंपावर टाकी भरावी आणि ती अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. चाकांच्या साखळ्या इंजिनाची ओढ ज्या चाकांना असते त्यांनाच घालायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला, तर तो सकाळी गोठून बसण्याची भीती. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे बरे.

आणि अडकलोच तर? गाडी सोडून चालत निघायचे नाही. बर्फात माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. आधी एक्झॉस्टभोवतीचा बर्फ काढायचा, मगच इंजिन लावायचे, तेही तासाला दहाएक मिनिटे, वाऱ्याच्या आडोशाची काच बोटभर उघडी ठेवून. बर्फ पडत असेल, तर दर वेळी पाइप पुन्हा मोकळा करायचा. माणशी एक घोंगडी, टॉर्च, शिट्टी, लाल फडके, चाकाखाली घालायला गोणपाट, पॉवर बँक, पाणी आणि चिक्की-शेंगदाणे. या साऱ्याचा खर्च मनालीतल्या एका रात्रीच्या भाड्याहून जास्त नसावा. ‘थंडीवर उतारा’ म्हणून बाटली नेणारे महाभाग असतातच. दारूने कातडीला ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता उलट निघून जाते.

एवढे सांगूनही सारा भार प्रवाशावर टाकणे मला पटत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ते नागरिकाच्या शहाणपणावर सोडलेले नाही. मनालीतही बर्फ पडू लागला, की पोलिस नेहरूकुंडापुढे फक्त फोर-बाय-फोर गाड्या सोडतात, आणि ते योग्यच आहे. पण पुष्कळदा अडथळा लागतो तोवर सकाळी वर गेलेल्या गाड्या परतीच्या वाटेवर सापडलेल्या असतात. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी येतो, तर नाकेही त्याच दिवसापासून मोजून गाड्या का सोडत नाहीत? पर्यटकांवर पोट असलेल्या गावात हा निर्णय अप्रिय होणार, हे उघड आहे. मरीत दुर्घटनेनंतर पंधरा अधिकारी निलंबित झाले. रस्ता आदल्या दिवशी बंद केला असता, तर कदाचित त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला असता.

परवा पुतण्याचा पुन्हा फोन आला. कूलंट बदलले, बॅटरी नवी घेतली, घडीचे फावडेही आणले. ‘‘पण काका, डिकी बॅगांनी भरलीय, फावडं वर ठेवू की खाली?’’ डिकीत ठेवूच नकोस, म्हटले. डिकी बर्फाने उघडेनाशी झाली, तर फावडे आतच राहील. पुढच्या सीटखाली सरकव.