बीव्हरचे मूत्रपिंड आणि नदीचे पाणी

नदीवर फांद्यांचे बांध घालणारा बीव्हर शिकारीमुळे स्वित्झर्लंडमधून नामशेष झाला होता. १९५६पासून तो तिथे पुन्हा सोडला गेला. २०१०नंतर मेलेल्या काही बीव्हरांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडांना दाह आणि फुफ्फुसांत रक्तस्राव आढळला. कारण लेप्टोस्पायरा, म्हणजे २००५च्या महापुरानंतर मुंबईकरांच्या चांगल्याच परिचयाचा झालेला जिवाणू. उंदराच्या मूत्रपिंडात तो निमूट राहतो. उंदीर धडधाकट फिरत लघवीतून रोग पसरवतो. बीव्हर मात्र दगावू शकतो, म्हणूनच त्याचे कलेवर पाण्याविषयी काही सांगते. आपल्याकडे वाघ मेला तर शवविच्छेदन होते. नाल्याकाठी मेलेले कुत्रे गाडी उचलून नेते, आणि लेप्टोचा सुगावा माणूस तापाने फणफणल्यावरच लागतो.