पंच विकला गेला!

हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतो आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऐकलं, टीव्हीसमोर बसलेल्या पुतण्याच्या तोंडून ऐकलं, आणि इथे मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळ्यांच्या ढिगावर बसून मोबाईलवर मॅच बघणाऱ्या पोरांकडून तर दर आठवड्याला ऐकतो. गंमत म्हणजे ज्याचा संघ जिंकला आहे त्याने हे म्हटलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. आपण जिंकलो तर खेळाडूंची कर्तबगारी, हरलो तर पंच विकला गेला. इतका सोयीचा हिशोब सावकाराच्या वहीतसुद्धा सापडायचा नाही!

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवलंय. पुण्याच्या वहिनी म्हणतील, "भाऊजी, या वयात फुटबॉल कशाला? आंब्या-फणसावर लिहा की." लिहीन, वहिनी. पण आधी हे मनातलं बाहेर पडू दे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. पंच चुकतो, हे मला मान्य आहे. पण मैदानात त्याचा चुकीचा निर्णयसुद्धा पाळावाच लागतो. जो पाळत नाही तो खेळाचा चाहता नव्हे, आणि जो संघ पाळत नाही त्याचा दोष तर चाहत्यापेक्षाही मोठा.

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं असेल तर कोल्हापूरला जावं. माझं बी.एड. तिथे झालं, पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... ही नावं तेव्हा कानावर पडली ती आजतागायत पाठ आहेत. कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ, ही खास कोल्हापूरची मिजास! मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की दुपारपासून रस्ते ओस पडायचे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा मला इथे रत्नागिरीत बसून कोण आनंद झाला होता.

पण त्याच कोल्हापूरच्या बातम्यांत आणखी एक शब्द कायमचा मुक्कामाला येऊन राहिला आहे. हुल्लडबाजी. पंचांच्या निर्णयावरून वाद, मग गॅलरीतून बाटल्या, मग दगड, मग पोलीस, मग पेठेत रात्री गाड्यांची मोडतोड. ठरलेला क्रम. आणि दुसऱ्या दिवशी तेच वर्तमानपत्र पुढच्या सामन्याचं वर्णन काय करणार? "ईर्षेची लढत"! अहो, आधी तुम्हीच ईर्षेला हार-तुरे घालायचे आणि मग तिने दगड उचलला की हळहळायचं, हा कुठला न्याय? ईर्षा खेळाडूच्या पायात असावी. गॅलरीत ती आली की तिला खेळ दिसेनासा होतो, फक्त आपला आणि त्यांचा दिसतो.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "गुरुजी, प्रेम आहे म्हणून राग येतो." हे प्रेमाचं लाडकं प्रमाणपत्र मला अजिबात मान्य नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला मैदानाबाहेर काढलं गेलं, प्रेक्षकांत मारामारी जुंपली, आणि त्या चेंगराचेंगरीत १६ माणसं गेली. घरून मॅच बघायला म्हणून निघालेली माणसं! तो दिवस तिथे आता फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात, रक्तदान करतात. चांगलंच आहे ते. पण रक्त आधी सांडलं होतं, दान नंतर सुरू झालं, हे विसरून कसं चालेल?

त्याहून भयंकर प्रकार २४ मे १९६४ ला पेरू देशातल्या लिमा शहरात झाला. अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत पेरूने केलेला गोल पंचांनी नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे पळाले तर खालचे दरवाजे बंद. सरकारी आकडा ३२८ मृत्यूंचा आहे. यात पोलिसांचा आणि बंद दरवाजांचा दोष मोठा, हे खरंच. पण सुरुवात कुठून झाली? एका नाकारलेल्या गोलापासून. एका गोलाची किंमत ती किती असावी?

तरी मी म्हणेन की गॅलरीतला पोरगा हा या गोष्टीतला लहान गुन्हेगार आहे. मोठे गुन्हेगार इस्त्रीचे कपडे घालून मैदानाच्या कडेला उभे असतात.

९ डिसेंबर २०१२. पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा कलकत्ता. मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, गॅलरीतून दगड आले, आणि त्यांचाच रहीम नबी जखमी झाला. मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलंच नाही. महासंघाने आधी दोन वर्षांची बंदी घातली. मग काय झालं? महिनाभरात बंदी उठली, २ कोटींचा दंड आणि तोपर्यंतचे गुण कापणं यावर भागलं. लहान गावातल्या एखाद्या संघाने हे केलं असतं तर त्याला परत कोणी उभं केलं असतं का?

३ मार्च २०२३. बंगळुरू. इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ सुरू. केरळा ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. फ्री किक मिळालेल्या संघाने शिट्टीची वाट न पाहता चटकन किक घ्यायला नियमात मुभा आहे. पंचांनी थांबायला सांगितलं असेल तर मात्र शिट्टीपर्यंत थांबावं लागतं. इथे थांबवलं होतं की नव्हतं, एवढाच वाद. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, नियमाचं पुस्तक उघडून तासभर वाद घालता येईल. पण प्रशिक्षकाने काय केलं? सगळा संघच मैदानाबाहेर बोलावला! नंतर संघाला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड. आणि कोचीच्या विमानतळावर चाहत्यांनी त्याच प्रशिक्षकाचं स्वागत केलं ते एखाद्या वीरासारखं. मला विचाराल तर दंडापेक्षा ते स्वागत जास्त महाग पडलं. हजारो मुलांनी त्या दिवशी एक धडा शिकून घेतला, की मनाविरुद्ध झालं की डाव मोडून घरी जायचं, घरी हार तयार असतात.

तुर्कस्तानात तर त्याच वर्षी ११ डिसेंबरला एका क्लबच्या अध्यक्षाने, माजी खासदाराने, सामना संपताच मैदानात जाऊन पंच हलिल उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते खाली पडले, तर बाकीच्यांनी लाथा घातल्या. त्या देशाला सगळ्या लीग काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मेलेर मात्र पुन्हा उभे राहिले आणि पुढच्या वर्षी युरो स्पर्धेत त्यांनी शिट्टी वाजवली. या सगळ्या गोष्टीत मला एकच वीर दिसतो, आणि तो कुठल्याच संघाचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रं आली ना? आली की. व्हीएआर आला, रेषा आखून ऑफसाइड बघतात. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासचा चक्क नियमात बसणारा गोल रद्द झाला. का? तर मैदानातला निर्णय 'गोल' असाच आहे असं पडद्यासमोरचे पंच समजून चालले आणि "तपासणी पूर्ण" म्हणून मोकळे झाले. यंत्र बरोबर होतं, माणसं एकमेकांशी नीट बोलली नाहीत! यंत्रं असू द्यात, माझा विरोध नाही. पण ज्याला पंचावर विश्वासच ठेवायचा नाही, तो उद्या यंत्रही विकलं गेलं म्हणेल.

आणि मुंबईचा तो सामना? २० डिसेंबर २०२३, मुंबई सिटी आणि मोहन बागान, सात लाल कार्डं, चार इकडे, तीन तिकडे. नंतर चर्चा कोणाची? पंचांची. सात कार्डं निघतात तेव्हा पंचाचा तोल सुटला असेलही. पण त्या सात जणांच्या वागण्याबद्दल कोणी चार शब्द बोलेल की नाही?

यात खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो. मी नोकरीत असताना एका तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धेत कबड्डीच्या अंतिम सामन्यानंतर आमच्या एका तरुण सहकाऱ्याला पालकांनी घेरलं. कॉलर धरली. तोही मुलांच्या देखत! पुढच्या वर्षी त्याने शिट्टी हातात घेतली नाही, आणि त्याचं बघून इतर दोघांनीही घेतली नाही. खेळ कबड्डीचा होता, पण रोग तोच. पंच आकाशातून पडत नाहीत. रविवारची सुट्टी मोडून, बेताच्या मानधनावर, उन्हात धावणारा कुणीतरी शिक्षक, कारकून, कॉलेजचा पोरगा असतो तो. त्याला हाकलून दिलंत की उरतं काय? दोन झुंडी आणि एक चेंडू.

आमच्या मिरकरवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. होडी समुद्रात असली की तांडेलाचा शब्द शेवटचा. जाळं चुकीच्या ठिकाणी पडलं, मासळी हुकली, खलाशी मनात चरफडतात. पण भर समुद्रात कुणी सुकाणू हिसकावून घेत नाही. भांडण काय ते बंदराला लागल्यावर. तिथे मग आवाज चढतात, हिशोब निघतात, पुढच्या हंगामाला तांडेल बदललाही जातो. तक्रारीची जागा असतेच, फक्त ती जागा आणि वेळ ठरलेली असते. शाळेतही तसंच. पेपरच्या फेरतपासणीचा अर्ज करता येतो, म्हणून कोणी गुणपत्रिका देणाऱ्या मास्तरांवर दगड मारत नाही.

मग करायचं काय? २०२४ च्या युरो स्पर्धेत एक साधा नियम होता. पंचांशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने, बाकीचा कुणी अंगावर आला तर पिवळं कार्ड. हा नियम उद्यापासून पेठेच्या सामन्यालाही लावा, एक पैसा खर्च नाही. ज्या संघाचे पाठीराखे दगड टाकतील त्या संघाचे गुण कापा, आणि कापलेले गुण महिन्याभराने परत देऊ नका. पंचाच्या चुकांची चौकशी करा, निकाल जाहीर करा, वारंवार चुकणाऱ्याला बाजूलाही करा. पण सामना संपल्यावर!

आणि आपण घरबसल्या बघणाऱ्यांनी एवढं तरी करावं. घरात लहान मूल शेजारी बसलेलं असताना "पंच विकला गेला" हे वाक्य गिळून टाकावं. ते मूल उद्या कुठल्या तरी मैदानात उतरणार आहे, कदाचित शिट्टी घेऊनच.

तुम्हाला पटत नसेल तर जरूर लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल, मास्तरकी केलेल्या माणसाला त्याची सवय असते. फक्त पूर्ण वाचून घाला.