तबकडीसाठीं झाड तोडावें काय ?

आपल्या बीड जिल्ह्यांत आजकाल पुष्कळ घरांच्या माळवदावर, पत्र्यावर किंवा अंगणांतील खांबावर दूरचित्रवाणीची लहानशी तबकडी दिसते. कोणी तिला डिश म्हणतात, कोणी छत्री म्हणतात. ही सोय चांगली आहे व तिच्याविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. तक्रार आहे ती तबकडी बसवितांना होणाऱ्या एका अविचाराची. चित्र नीट दिसेना, कीं घरांतील मंडळी सभोंवार पाहूं लागतात आणि सर्वांची दृष्टि प्रथम दारच्या लिंबाकडे जाते. “हें झाड आड येतें” असा निवाडा होतो व कुऱ्हाड बाहेर निघते. जें झाड वाढण्यास पंचवीस-तीस वर्षें लागलीं, तें दोन तासांत आडवें होतें. आमचें म्हणणें असें, कीं पुष्कळ वेळां हा निवाडा चुकीचा असतो. आणि तो चुकीचा आहे कीं बरोबर, हें शाळेंत भूमिति शिकणाऱ्या कोणत्याहि मुलास किंवा मुलीस ठरवितां येतें.

प्रथम ही चूक कोठून आली तें पाहूं. उपग्रहावरून थेट घरीं कार्यक्रम येण्यापूर्वीं दूरचित्रवाणीच्या लहरी जमिनीवरील मनोऱ्यावरून येत असत. त्या क्षितिजाला लागून आडव्या येत. म्हणून लोक उंच नळीवर तारांचा सांगाडा चढवीत, आणि जितकी उंची अधिक तितकें चित्र चांगलें, हा त्या काळचा अनुभव खराच होता. ते जुने मनोरे दूरदर्शननें सन २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणीं बंद केले. परंतु उंचीची ती समजूत मात्र लोकांच्या मनांत राहिली. आजची लहर आडवी येत नाहीं, ती वरून येते. ज्या उपग्रहावरून ती येते तो विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर अंतरावर असून पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळें आपणांस एकाच जागीं स्थिर भासतो. आर्थर क्लार्क यांनीं सन १९४५ मध्यें अशा उपग्रहांच्या द्वारें संदेश पाठविण्याची कल्पना मांडली होती. इतक्या अंतरापुढें दहा-वीस फुटांच्या उंचीची मातब्बरी ती काय ? अंगणांत जमिनीवर ठेविलेली तबकडी आणि माळवदावरील तबकडी यांत लहरीच्या दृष्टीनें फरक नाहीं. वाट मोकळी असली म्हणजे झालें. उलट उंच नळीवरील तबकडी वाऱ्यानें हालते व चित्र बिघडतें.

आतां ही वाट कोणती तें सांगतों. सरकारी ‘डी. डी. फ्री डिश’ ही विनामासिकवर्गणीची सेवा डिसेंबर २००४ मध्यें ‘डी. डी. डायरेक्ट प्लस’ या नांवानें सुरू झाली. तिचा आजचा उपग्रह, सन २०१५ मध्यें सोडलेला जीसॅट-१५, हा पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. बीड शहर उत्तर अक्षांश १९ व पूर्व रेखांश ७५.७५ यांच्या जवळपास आहे. यावरून गणित केलें असतां उत्तर मोठें सुटसुटीत येतें: आपल्या येथून तो उपग्रह बरोबर आग्नेय दिशेस आणि क्षितिजापासून ६० अंश उंचीवर आहे. खाजगी सेवांपैकीं टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर असल्यामुळें ते दक्षिणेकडे अधिक कललेले व सुमारें ६६ अंश उंच येतात; एअरटेलचा उपग्रह १०८ अंशांवर असल्यामुळें तो पूर्वेकडे कललेला व सुमारें ४७ अंश उंच येतो.

साठ अंश म्हणजे डोक्यावरील बिंदूच्या वाटेचा दोनतृतीयांश भाग. समजा, माळवद १२ फूट उंच आहे व आग्नेयेस असलेला लिंब ४० फूट उंच आहे. म्हणजे शेंडा तबकडीहून २८ फूट वर गेला. २८ ला १.७३ नें भागावें. उत्तर सुमारें १६ फूट. तो शेंडा तबकडीपासून १६ फुटांहून दूर असेल व अलीकडील फांद्याहि त्याच प्रमाणांत खालीं असतील, तर लहर त्या झाडावरून सुखानें निघून येते. आणि झाड आग्नेयेस नसून उत्तरेस, पश्चिमेस किंवा ईशान्येस असेल, तर त्याचा या प्रकरणाशीं कांहीं एक संबंध नाहीं.

येथें तबकडीचें रूपहि पाहणाऱ्यास फसवितें. तिची वाटी बरीचशी उभी दिसते. म्हणून ती समोरच्या भिंतीकडे किंवा झाडाच्या बुंध्याकडे पाहत आहे असें वाटतें. वास्तविक तिच्या दांड्यावरील ग्राहक मध्यभागीं नसून खालच्या बाजूस बसविलेला असतो, त्यामुळें तबकडी जिकडे तोंड करून बसलेली दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश अधिक उंचावरून ती लहर घेते. पुष्कळ निरपराध झाडें या दृष्टिभ्रमापायीं गेलीं असावींत.

मोजण्यास मोठीं उपकरणें नकोत. कंपासपेटींतील कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधावा व त्यास लहानसा खडा लटकवावा. हाच आपला ओळंबा. कोनमापकाची सरळ कड वर धरून तिजवरून नेम धरावा. कड आडवी असतांना दोरा ९० वर असतो. तो ३० वर आला म्हणजे आपली दृष्टि ६० अंश वर गेली. आग्नेय दिशा साध्या होकायंत्रानें सांपडते. आपल्या भागांत होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांत एक अंशाचाहि फरक नाहीं. मात्र पत्र्याजवळ किंवा लोखंडी खांबाजवळ होकायंत्र धरूं नये. सुतावरून स्वर्ग गांठणें हा वाक्प्रचार येथें अगदीं अक्षरशः खरा होतो.

याहूनहि सोपी परीक्षा सूर्य घेतो. वर्षांतून दोनदां, मार्चच्या १२ तारखेच्या व ऑक्टोबरच्या २ तारखेच्या सुमारास, सूर्य आपल्या येथून पाहतां त्या उपग्रहाच्या बरोबर पाठीमागें येतो. मार्चमध्यें ही वेळ सकाळीं सुमारें सव्वाअकराची व ऑक्टोबरमध्यें अकराला पांच मिनिटें कमी अशी असते. त्या वेळीं तबकडीच्या नियोजित जागीं ऊन असेल तर वाट मोकळी आहे. सावली असेल तर ती ज्या फांदीची, तीच फांदी आड येणारी. सूर्याकडे पाहूं नये, सावलीकडे पाहावें. मार्चमध्यें लिंबाचीं पानें गळालेलीं असतात, म्हणून ऑक्टोबरची परीक्षा अधिक भरंवशाची. माघ-फाल्गुनांत बसविलेली तबकडी चैत्रांत पालवी फुटतांच बंद पडते, त्याचें कारणहि हेंच. ही लहर अडीच-पावणेतीन सेंटिमीटर लांबीची असते. पाण्यानें भरलेलीं दाट पानें तिला गिळतात. मुसळधार पावसांत चित्र जातें तो दोष मात्र झाडाचा नव्हे, पावसाचाच. पाऊस ओसरला कीं तें आपोआप येतें.

कोणी म्हणेल, एका तबकडीसाठीं एवढा खटाटोप कशास ? आमचें उत्तर असें, कीं दोन्ही वस्तु गरिबाच्या आहेत. सन १९७५-७६ मध्यें भारतांत उपग्रहावरून खेड्यांस थेट शिक्षण देण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवीं दहा-दहा फुटांच्या जाळीदार तबकड्या बसल्या. शेजारचीं कर्नाटक व आंध्र हीं राज्यें त्यांत होतीं, महाराष्ट्र नव्हता. पुढें सन २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ सारखे पाठ पुष्कळ मुलांनीं घरच्या पडद्यावर पाहिले. ज्या घरीं भारी फोन नव्हता त्या घरीं तबकडी हीच शाळा झाली. तेव्हां तबकडी चालली पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु आपल्या अवर्षणग्रस्त मुलुखांत, जेथें वैशाखाच्या उन्हांत दारची सावली हाच मोठा आधार, तेथें लिंबहि राहिला पाहिजे. ऊंसतोडीस गेलेल्या कुटुंबांतील म्हातारीं माणसें व गुरें मागें त्याच सावलींत दिवस काढतात.

कधीं कधीं झाड खरोखरच आड येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. अशा वेळीं क्रम असा असावा: आधीं तबकडी घराच्या वायव्य कोपऱ्यास न्यावी, म्हणजे आग्नेयेच्या झाडापासून अंतर वाढतें, तें न जमल्यास अंगणांतील मोकळी जागा पाहावी, तेंहि न जमल्यास सावलीनें दाखविलेली तेवढी एकच फांदी छाटावी. झाड शेजाऱ्याचें असेल तर त्यास सोबत घेऊन कोन मोजावा. मोजलेल्या आंकड्यावर भांडण सहसा होत नाहीं. शहरांत तर सन १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून झाड तोडतांच येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, भूमितीचा उपयोग काय, असें तुम्ही वर्गांत विचारतां. तुमच्या घरीं किंवा आळींत पुढल्या वेळीं “हें झाड काढा” असा शब्द निघेल, तेव्हां कोनमापक व दोरा घेऊन माळवदावर चढा, आणि वडील मंडळींस नम्रपणें म्हणा, “आधीं मोजूं या.” पालकांसहि आमची विनंति आहे, कीं मुलानें आणलेला तो आंकडा लहान तोंडीं मोठा घास म्हणून उडवून लावूं नये. तबकडी एका तासांत हलवितां येते; लिंब हलवितां येत नाहीं.